एकसंब्याचा हिंदकेसरी कुणाचा?

१९५९ साली दिल्लीत पहिली हिंदकेसरी कुस्ती झाली आणि पंजाबच्या बंतासिंगला हरवून तो किताब श्रीपती खंचनाळे यांनी आणला. जन्म एकसंब्याचा, म्हणजे बेळगाव जिल्ह्यातल्या चिकोडी तालुक्यातला. अंगाला लागलेली माती कोल्हापूरच्या शाहूपुरी तालमीची. राज्य पुनर्रचनेला तेव्हा जेमतेम तीन वर्षं झाली होती. एकसंबा नव्या म्हैसूर राज्यात गेलं होतं, कोल्हापूर मुंबई राज्यात राहिलं होतं, आणि देशाचा पहिला हिंदकेसरी या दोन्हींच्या मधल्या रस्त्याने ये-जा करणारा गडी होता.

२०२० च्या डिसेंबरात खंचनाळे गेले. ते कुणाचे, हा वाद मात्र अजून जागा आहे. कोल्हापूरकर त्यांना आपलं म्हणतात, चिकोडीकर आपलं म्हणतात, आणि खरं तर दोघांचंही बरोबर आहे. हा वाद प्रेमापोटी चालतो तोवर कुणाचं काही बिघडत नाही. पण आमच्या सीमाभागात गेल्या काही वर्षांत त्याला दुसरंच वळण लागलंय. जत्रांचा हंगाम आला की पारावर आणि मोबाइलवर तोच विषय निघतो: कुस्ती मूळची कुणाची? एक बाजू शिवकाळ, समर्थांचे मारुती आणि पेशव्यांच्या तालमी पुढे करते. दुसरी बाजू चालुक्य, विजयनगर आणि म्हैसूरचा दसरा दाखवते. पुरावे दोघांकडे आहेत, अभिमानही दोघांकडे आहे. माझं म्हणणं असं की कुणी एकट्याने सातबाऱ्यावर नाव चढवावं अशी ही विद्या कधीच नव्हती. तिच्या मालकीवर आपण जितकं भांडतो, तितका आज लंगोट बांधणारा सीमेवरचा पोरगा दोन्ही सरकारांच्या हिशेबातून सुटत जातो. म्हणून आधी ही विद्या कुठून कशी आली ते पाहू, म्हणजे पुढचं मागणं नीट मागता येईल.

बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात, इ.स. ११२९ च्या सुमारास, कल्याणीच्या चालुक्य राजाने, तिसऱ्या सोमेश्वराने, 'मानसोल्लास' नावाचा संस्कृत ग्रंथ सिद्ध केला. कल्याणी म्हणजे आजचं बसवकल्याण, बीदर जिल्ह्यातलं. तेही सीमेवरचंच गाव. सोमेश्वराचं बिरुद होतं 'भूलोकमल्ल'. राजाने कोणकोणते विनोद, म्हणजे करमणुकी कराव्यात हे सांगताना या ग्रंथात मल्लविनोदाचं वेगळं प्रकरण आहे. वय, अंगलट आणि ताकद पाहून मल्लांचे वर्ग कसे पाडावेत, त्यांच्याकडून मेहनत कशी करून घ्यावी, त्यांना डाळी, मांस, दूध, साखर आणि गोडधोड राजाच्या कोठारातून कसं पुरवावं, हे सगळं त्यात आहे. थांबून विचार करण्यासारखी गोष्ट आहे ही. पैलवानाचा खुराक ही राज्याची जबाबदारी आहे, हे साडेआठशेहून अधिक वर्षांपूर्वी लिहून ठेवलेलं आहे. कानडी मुलखावर राज्य करणाऱ्या याच राजाच्या याच ग्रंथात महाराष्ट्रातल्या बायका कांडताना ओवी गातात असाही उल्लेख येतो. मराठी ओवीचा आपण अभिमानाने सांगतो तो इतका जुना दाखला आणि कुस्तीची इतकी जुनी शिस्त, दोन्ही एका पोथीत आहेत. ती पोथी फाडून अर्धी तुम्हाला, अर्धी आम्हाला अशी वाटणी कुणी करून दाखवावी.

पुढची साक्ष परक्या माणसाची. १५२० च्या सुमारास पोर्तुगीज प्रवासी दोमिंगो पाइश विजयनगरात होता. कृष्णदेवराय पहाटे तिळाचं तेल पितो, अंगाला तेल चोळतो, वजनं आणि तलवार घेऊन ते तेल घामावाटे निघेपर्यंत मेहनत करतो आणि मग आपल्या एका मल्लाशी कुस्ती खेळतो, असं त्याने लिहून ठेवलंय. महानवमीच्या उत्सवात राजापुढे कुस्त्या होत. म्हैसूरच्या दसऱ्याने तो थाट पुढे चालवला. त्या दसऱ्यात वज्रमुष्टी, म्हणजे मुठीत टोकदार हत्यार घालून होणारी कुस्ती, लढणारे जे जेट्टी, त्यांचं नातं अभ्यासक गुजरातेतल्या मोढेऱ्याच्या ज्येष्ठीमल्लांशी लावतात. हे ज्येष्ठीमल्ल जातीने ब्राह्मण, आणि त्यांच्या विद्येचं स्वतंत्र 'मल्लपुराण' आहे. म्हणजे ज्याला आपण अस्सल कानडी परंपरा म्हणतो, तिचा एक धागा गुजरातेत निघतो.

आणि आपली तालीम? इराणातल्या जोरखान्याचं, म्हणजे तिथल्या तालमीचं, वर्णन ऐकलेल्या कुणाही वस्तादाला तिथे परकं वाटणार नाही. जमिनीत खोल केलेला हौदा, जोडीने फिरवायचे लाकडी मुद्गल, हात टेकून काढायचे जोर, वर बसून ताल धरणारा वादक. आमच्याकडे हलगी, त्यांच्याकडे त्यांचं चर्मवाद्य. आत उतरताना ते मातीला मान देतात, आम्हीही देतो. दोन देशांतल्या या विद्या दरबारांच्या वाटेने, सैन्याच्या वाटेने आणि पोटासाठी गावोगाव फिरणाऱ्या मल्लांच्या वाटेने एकमेकींत मिसळल्या. विजापूरची आदिलशाही आमच्या उशालाच होती. मारुतीच्या तसबिरीपुढे नारळ फोडणारा हिंदू वस्ताद आणि त्याच्याकडून पट काढायला शिकणारा मुसलमान पैलवान, किंवा याच्या उलट, हे चित्र कोल्हापूर ते विजापूर कुठल्याही जुन्या तालमीत नवलाचं नव्हतं. कोल्हापुरात तर तालमींतच मोहरमचे पंजे बसतात. अलीकडे बेळगावच्या मैदानात इराणचे मल्ल उतरतात तेव्हा लोक परदेशी पाहुणे म्हणून गर्दी करतात. मला त्यात भाऊबंद भेटायला आल्यासारखं वाटतं.

मग शाहू महाराज. त्यांच्याबद्दल लिहिताना हात आखडता घेणं मला जमत नाही. १८९४ ला गादीवर आले, १९०२ मध्ये युरोपला जाऊन आले, रोमचं जुनं क्रीडागार डोळ्यांत साठवून परतले आणि १९१२ मध्ये खासबागेचं मैदान उभं राहिलं. हौद्यातली माती शेवटच्या रांगेतल्या माणसाला दिसावी अशी त्याची बांधणी आहे. तिथल्या पहिल्या मोठ्या लढतीला नामांकित पंजाबी पैलवान गामाचा भाऊ इमामबक्ष उतरला होता. महाराजांनी पंजाबी मल्लांना कोल्हापुरात बोलावलं, ठेवून घेतलं, त्यांचा खुराक चालवला. आमच्या पोरांनी त्यांच्याकडून डाव उचलले. आज ज्याला आपण छाती पुढे काढून 'कोल्हापुरी कुस्ती' म्हणतो, तिच्यात पंजाबचं रक्त असं मिसळलेलं आहे. आणि कोल्हापूर संस्थान आजच्या कोल्हापूर जिल्ह्यापुरतं नव्हतं. आता बेळगाव जिल्ह्यात असलेलं रायबाग त्याच संस्थानात होतं. रायबागेतल्या शेतकऱ्याचा मुलगा कोल्हापूरच्या तालमीत निघाला तर तो आपल्याच राजाच्या गावी जात होता. सांगली, मिरज, जमखंडी, मुधोळ ही सगळी संस्थानं भाषेची रेघ न पाहता या पट्ट्यात पसरली होती.

कुस्ती अशी आत येत गेली तशी बाहेरही गेली. इंग्रजी लष्कराने इथे मुद्गल पाहिले आणि ते विलायतेला नेले. तिकडे त्या व्यायामाचं असं वेड लागलं की १९०४ आणि १९३२ च्या ऑलिंपिकमध्ये मुद्गल फिरवण्याची स्पर्धा झाली. १९१० साली गामा लंडनला गेला, पोलंडच्या झिबिस्कोशी भिडला, आणि तासन्‌तास खाली दबून बसलेल्या त्या बलाढ्य मल्लाची साऱ्या जगासमोर फजिती झाली. आपले जोर आणि बैठका कार्ल गोचसारख्या युरोपीय मल्लाने जपानी शिष्यांच्या अंगात मुरवल्या. एवढं सगळं बाहेर गेलं. पण ते सुटं सुटं गेलं. मुद्गल वेगळे गेले, जोर वेगळे गेले, डाव वेगळे गेले. आपली कुस्ती म्हणून, आपल्या नियमांसकट ती कुठे रुजली नाही. असं का झालं, याचं उत्तर जपानात सापडतं.

१८८२ साली जिगोरो कानो या विशीतल्या तरुणाने टोकियोच्या एका देवळात बारा चटया अंथरल्या आणि नऊ शिष्य घेऊन ज्युदोची शिकवणी सुरू केली. जुजुत्सूच्या दोन जुन्या घराण्यांचे डाव त्याने शिकून घेतले होते. त्यातले जीवघेणे बाजूला काढले, उरलेले क्रमाने लावले, पडायचं कसं हे आधी शिकवायचं असा नियम घातला, शिकणाऱ्याच्या पायऱ्या ठरवल्या, आणि मुख्य म्हणजे शिकवणारे तयार करून जगभर पाठवले. कानोच्या घराण्यातला मित्सुयो माएदा १९१४ मध्ये ब्राझीलला पोचला. तिथे ग्रेसी कुटुंबाने त्याच्याकडून जे घेतलं त्यातून आज जगभर चालणारी ब्राझिली जुजुत्सू निघाली. १९२९ मध्ये रवींद्रनाथांनी शिन्झो ताकागाकी यांना शांतिनिकेतनात ज्युदो शिकवायला बोलावलं. १९६४ ला तो ऑलिंपिकमध्ये गेला. बारा चटयांपासून ऑलिंपिकपर्यंत ब्याऐंशी वर्षं.

आता १९५२ च्या हेलसिंकीकडे या. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव तिथे ब्राँझपदक जिंकले. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्यांचा खर्च भागवायला गावाने वर्गणी काढली आणि राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डीकरांनी राहतं घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. खाशाबांची सारी घडण मातीतली. आंतरराष्ट्रीय नियमांच्या मॅटशी त्यांची पहिली खरी ओळख १९४८ च्या लंडनला झाली, म्हणजे थेट ऑलिंपिकमध्येच. हेलसिंकीत ज्यांच्याकडून ते हरले त्यांतला एक जपानचा शोहाची इशी, आणि सुवर्ण त्यानेच नेलं. हा इशी मूळचा ज्युदोचा खेळाडू. युद्धानंतर जपानात ज्युदोवर बंदी आली म्हणून तो कुस्तीकडे वळलेला. एका बाजूला शिस्तीत बांधलेली शिकवण घेऊन आलेला गडी, दुसऱ्या बाजूला अफाट गुणवत्ता असूनही मॅट बघायला विलायत गाठावी लागलेला आपला गडी. खाशाबांच्या पदकाचं मोल यामुळे माझ्या लेखी आणखी वाढतं. पण त्यांना जे मिळालं नाही ते सत्तर वर्षांनंतरही आमच्या बहुतेक गावांत मिळत नाही, हे सांगताना जीभ जड होते.

सीमाभागाचीच एक गोष्ट घ्या. बेळगावच्या पश्चिमेला तुरमुरी हे मराठी बोलणाऱ्या शेतकऱ्यांचं गाव. तिथली मलप्रभा जाधव हिने २०१८ च्या जाकार्ता आशियाई खेळांत ५२ किलो वजनी गटात ब्राँझ मिळवलं. खेळ कोणता? कुराश. उझबेकिस्तानची जुनी कुस्ती. उझबेकांनी १९९८ मध्ये ताश्कंदला तिची आंतरराष्ट्रीय संघटना उभी केली, नियम लिहिले आणि वीस वर्षांत आशियाई खेळांत तिला जागा मिळवून दिली. कुराशमध्ये जमिनीवर लोळवून झुंजणं नाही. उभ्यानेच उचलून पाठ लावली की लढत संपली. आपल्या निकाली कुस्तीशी तिचं नातं चटकन ध्यानात येतं. तुरमुरीची पोरगी तिथवर पोचली ती ज्युदोच्या मॅटवरून. ज्युदोत मुलींचा वर्ग होता, वजनी गट होते, शिकवणारं कुणी होतं. ज्या मुलखात प्रत्येक गल्लीला तालीम आहे, त्या मुलखातली मुलगी जपानी विद्या शिकून उझबेक कुस्तीत पदक आणते, कारण तिच्या वयाच्या मुलीला आमच्या बहुतेक तालमींच्या उंबऱ्याच्या आत जागा नव्हती. महिलांची कुस्ती २००४ पासून ऑलिंपिकमध्ये आहे. २०१६ ला साक्षी मलिकने तिथे पदक घेतलं. तरी 'तालमीत बाईचं काय काम' हे वाक्य अजून आमच्याकडे मोठ्या आवाजात बोललं जातं. जो वस्ताद हे बोलतो त्याच्याबद्दल मला आदर आहे. त्याने फुकट शिकवलं, स्वतःच्या घरचं दूध पोरांना पाजलं. पण या एका बाबतीत तो चुकतो आणि त्याच्या चुकीची किंमत मुली भरतात.

आता आमच्या गावांकडे येतो. मुचंडी, कडोली, येळ्ळूर, कंग्राळी, सांबरा, किणये, कोणत्याही गावचं नाव घ्या. जत्रेला मैदान भरतं. हलगी वाजते, शड्डू घुमतात, पुकारा करणारा अर्धं मराठीत, अर्धं कानडीत बोलतो आणि सगळ्यांना सगळं कळतं. घुटना, घिस्सा, एकचाक, ढाक अशा कुठल्याही डावावर कुस्ती निकाली होते तेव्हा शेजारी बसलेला माणूस कुठल्या भाषेत ओरडला हे कुणाच्या कानावरही येत नाही. पण हंगाम संपला की तालमीचं दार उघडणारे हात मोजकेच. हौद्यातली माती वर्षानुवर्षं बदललेली नसते. तिच्यात घालायचं तेल, ताक, हळद, लिंबू, काव यांचा खर्च गावच्या कुणा एका दात्यावर असतो. तो थकला की माती दगडासारखी होते. मॅट तर बहुतेक गावांनी पाहिलेलीच नसते. शाळेच्या स्पर्धेत हाच पोरगा जातो तेव्हा समोर मोजक्या मिनिटांच्या दोन फेऱ्या, गुणफलक, बाहेर ढकललं तरी गुण. मातीत दहा-दहा मिनिटं खडाखडी करत जोडीदाराचा दम काढायला शिकलेला पोरगा मॅटवर पहिल्या मिनिटात चार गुणांनी मागे पडतो आणि घरी येऊन सांगतो, 'ती कुस्ती न्हवंच.'

मातीचा अभिमान धरणारे इथे मला अडवतील. मॅट आली की मातीची कुस्ती मरेल, जत्रेला गर्दी येणार नाही, गुणांची कुस्ती बघायला कोण बसेल? ही भीती खोटी नाही. निकाली कुस्तीची मजा गुणांच्या कुस्तीला नाही, हे मीही म्हणतो. पण महाराष्ट्र केसरीत माती आणि गादी, म्हणजे मॅट, असे दोन विभाग कित्येक वर्षं चालत आले आहेत आणि दोन्हींचे विजेते शेवटी एकमेकांपुढे येतात. माती त्याने मेली नाही. सकाळी मॅटवर, संध्याकाळी मातीत अशी मेहनत कोल्हापूरच्या तालमींत रोज चालते. बेळगावच्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या रेजिमेंटल सेंटरमध्ये लष्कराची बॉइज स्पोर्ट्स कंपनी आहे. तिथे कोवळ्या वयाची मुलं निवडून मॅटवर कुस्तीसाठी घडवली जातात. निवडताना वय बघतात, चपळाई बघतात, अंगात काय आहे ते बघतात. आमच्या शहराच्या मधोमध हा नमुना उभा असताना गावच्या तालमीने मॅटला शत्रू मानायचं काही कारण नाही.

दुसरा आक्षेप याहून खोल आहे आणि तो माझ्याच माणसांचा आहे. ते म्हणतात, १९५६ पासून एकेक जागा आमच्या हातून गेली. कार्यालयातली मराठी गेली, पाट्यांवरची गेली, सातबारा कानडीत आला. तालीम, गणेश मंडळ आणि वाचनालय एवढ्याच जागा मराठीच्या उरल्या. त्यात तुम्ही कानडी सरकारला हाताला धरून आत आणा म्हणता? हा प्रश्न विचारणाऱ्याची कळकळ मला समजते, कारण ती माझीही आहे. पण तालमीत मराठी टिकली ती कुणी दाराला कुलूप लावलं म्हणून टिकली नाही. शेजारच्या कानडी गावची पोरं वस्तादाकडे आली, त्याच्या पायाशी बसली, त्याची भाषा बोलू लागली, म्हणून ती टिकली आणि पसरली. धारवाड, दावणगेरेचे मल्ल कोल्हापुरात येऊन मराठी शिकले ते कुणाच्या आदेशाने नाही. ओस पडलेल्या तालमीत मराठी वाचणार नाही, कानडीही वाचणार नाही. तिथे फक्त पत्त्यांचा डाव बसेल, आणि तो बऱ्याच ठिकाणी बसलाही आहे. शिवाय कर आपण भरतोच. त्या पैशातून आपल्या पोराला मॅट मिळावी असं म्हणणं ही लाचारी कशी होईल? तो हक्क आहे, आणि तो मागताना आपली भाषा खाली ठेवावी लागत नाही.

म्हणून मागणं दोन्ही सरकारांकडे आहे. कर्नाटकाकडे क्रीडा वसतिगृहं आहेत, माजी पैलवानांना मासिक मानधन देण्याची योजना आहे. त्यांचे अर्ज आणि माहिती सीमाभागातल्या गावांत मराठीतूनही द्या. अर्ज कानडीत म्हणून भरलाच नाही, असे म्हातारे पैलवान मी पाहिले आहेत. जिल्ह्यातल्या पाच-सात गावांमागे एक शेड, बारा मीटर चौरस मॅट आणि पगारी प्रशिक्षक, एवढं झालं तरी दहा वर्षांत फरक दिसेल. प्रशिक्षक कानडी असेल तर असू दे. पट कसा काढायचा हे तो हाताने दाखवतो.

महाराष्ट्राकडचं मागणं जास्त टोचणारं आहे. सीमाभागातल्या ८६५ गावांवर महाराष्ट्र हक्क सांगतो, २००४ पासून त्यासाठी सर्वोच्च न्यायालयात उभा आहे. पण महाराष्ट्र केसरी जिल्हावार संघांतून लढली जाते आणि त्यात आमच्या गावांना जिल्हा नाही. बेळगावच्या पोराने ती गदा मनात धरली तर त्याला कोल्हापूरचा किंवा सांगलीचा पत्ता शोधावा लागतो. ज्या गावांना तुम्ही आपली म्हणता, त्यांचा एक संघ त्या मैदानात उतरवायला न्यायालयाच्या निकालाची वाट कशाला पाहायची? आमंत्रित संघ म्हणून घ्या, सीमाभाग म्हणून घ्या, नाव काहीही द्या. खंचनाळे पुनर्रचनेनंतरही दोन्हीकडचे राहू शकले, कारण तेव्हा तालमीचं दार पत्ता विचारत नव्हतं. किताबाचं दारही तसं असायला हवं.

राहिल्या जत्रा कमिट्या, आणि त्यांना मी सरकारांपेक्षा जास्त मानतो, कारण त्यांना कुणाच्या मंजुरीसाठी थांबावं लागत नाही. आज बहुतेक मैदानांत इनामाचा मोठा वाटा नंबर एकच्या जोडीवर जातो. पंजाब-हरियाणाचे नावाजलेले मल्ल येतात, गर्दी खेचतात, ते चांगलंच आहे. त्यांच्याकडूनच तर विद्या इकडे आली. पण त्यातल्या काही जोड्या आधीच ठरलेल्या, नुरा असतात हे मैदानावरच्या पोराटोरालाही ठाऊक असतं, आणि त्यावर गावचा पैसा जातो. गावच्या मुलांची जोड मात्र नजरेने लावली जाते. उंची सारखी दिसली की झालं, वजन कुणी करत नाही. जिंकणाऱ्याच्या हातावर रेवड्या नाहीतर दहा-वीसची नोट. सोमेश्वराने बाराव्या शतकात मल्लांचे वर्ग पाडले, आणि आपण एकविसाव्या शतकात चाळीस किलोच्या पोरासमोर पन्नास किलोचा उभा करतो.

हे बदलायला वजनकाटा पुरतो. काही मैदानांत आता मुलींच्या कुस्त्या लावतात, त्या शेवटी, अंधार पडल्यावर नकोत. गर्दी भरलेली असताना, मधल्या वेळेत लावा. इनामाच्या रकमेचा चौथा हिस्सा बाजूला काढून त्यातून गावच्या तालमीची माती आणि वर्षभराचं तेल आणा. आणि येत्या हंगामाच्या पत्रकात नंबर एकच्या जोडीखाली गावातल्या चौदा वर्षांखालच्या मुलामुलींची नावं वजनासकट छापा. ती कुठल्या भाषेत छापायची यावर वाद झालाच, तर दोन्ही भाषांत छापा.